नातीचा पेला

कपाच्या बुडाला एक त्रिकोण आणि त्रिकोणात सात. चष्मा कपाळावर सारून, कप खिडकीच्या उजेडात तिरका धरून आनंदराज तो आकडा पुन्हा पुन्हा पाहत होते, जसा काही मघाचा सात आता पाच झाला असेल. झाला नव्हता. बाहेरच्या अंगाचं पिवळं बदक मात्र मजेत हसत होतं. पाच चालतो, सात म्हणजे बाकीचं सगळं, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं होतं – दुसऱ्या कुठल्याच आकड्यात न बसणारं प्लास्टिक. त्यात काय काय आहे ते बाहेरून कळत नाही, आणि गरम दूध ओतलं की त्यातलं काही दुधात उतरूही शकतं.

मागच्या खेपेला दिपालीनं हा कप हातात घेतला, उलटा केला, बूड पाहिलं आणि... काही बोलली नाही. तेच तर. ‘पप्पा, असलं काय आणून ठेवता?’ एवढं जरी म्हणाली असती तरी बायको, रेणुका, होती तेव्हा घर जसं भांडायचं तसं जरा भांडलं असतं. पण तिनं कप हळूच ओट्यावर ठेवला, पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि पोरीला, ऋतुजाला, पाणी पाजलं. परक्याच्या घरी वागतात तशी वागली. आणि आनंदराजही शहाण्यासारखे गप्प बसले.

आता रविवारी ती हैदराबादहून येणार होती. ऋतुजाचं पाळणाघर महिनाभर बंद राहणार होतं. ‘तिला तुमच्याकडं ठेवू का, पप्पा?’ असं तिनं फोनवर विचारलं होतं, आणि त्यांनी ‘ठेव की’ म्हणायला तोंड उघडेपर्यंत स्वतःच म्हणाली होती, ‘बघू. आल्यावर ठरवू.’ त्या ‘बघू’नं त्यांची झोप उडवली होती. काय बघणार? गॅसचं बटण, पाण्याच्या ड्रमचं झाकण, जिन्याच्या पायऱ्या, आणि कप. कप तर पहिल्यांदा. एक महिना या घरात लहान मूल – त्यांनी तो महिना मनातल्या मनात इतक्यांदा जगून घेतला होता की तो झिजायला आला होता. मी सांभाळीन. मी काय कुणाला सांभाळलं नाही?... खरं म्हणजे नाहीच. दिपाली वाढत होती तेव्हा मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना कानस धरायला शिकवत होतो.

ऊन चढायच्या आत ते ऑटोनं गंजगोलाईच्या बाजारात उतरले. भांड्यांच्या गल्लीत पंढरीचं दुकान होतं. घरातलं बहुतेक भांडं रेणुकानं इथूनच, घासाघीस करून, नेलेलं.

‘काय पायजे काका? लेकराला का?’

‘नातीला. दीड वर्षाची हाय. स्टीलचा पेला दाखवा. रंग नको, आतून बी नको, बाहेरून बी नको.’

पंढरीनं ढीग मांडला. डबल पत्र्याचा एक पेला बरा वाटला, पण आत जोडाची रेघ होती. तिच्यात दूध अडकणार. कानाचा दुसरा, तर कानाच्या जोडाशी बोट जाईना, मग घासणी कुठली जाणार? ‘तांब्याचा देऊ का? लई चांगला म्हणतेत आरोग्याला,’ पंढरी म्हणाला. ‘ताक ओतलं तर? आंबट चालत न्हाई त्यात,’ म्हणून त्यांनी तोही मागं सारला. शेवटी एक हाती लागला – बुटका, बिनजोडाचा, काठ बाहेर वळवलेला. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. मग, दुकानात चार बायका उभ्या असताना, पेला तोंडाला लावून काठ ओठावरून पूर्ण गोल फिरवला.

‘काका, हितंच पिऊन राहिले का?’ पंढरी हसला. बायकाही हसल्या. आनंदराजांना लाज वाटली आणि बरंही वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी त्यांना हसलं होतं.

‘नाव टाकायचं ना?’

हा काय विचारायचा प्रश्न झाला? बिननावाचं भांडं या गल्लीतून घरी जातच नाही. लग्नाचं असो, बारशाचं असो, शेजारी भाजी घालून दिलेली वाटी परत यावी म्हणून असो, नाव हवंच. त्यांच्या घरात तर चमच्यापासून घागरीपर्यंत रेणुका होती.

‘टाका. चि. ऋतुजा. आन् खाली, आजोबांकडून.’

‘कुठं? बुडाला?’

‘बुडाला कशाला? वर. काठाला. दिसलं पायजे.’

कुणाला दिसलं पाहिजे ते पंढरीनं विचारलं नाही. मशीन घरघरलं, स्टीलवर अक्षरं उमटत गेली, आणि ‘आजोबांकडून’पाशी तर पंढरीनं हात चांगलाच दाबून धरला.

घरी येऊन त्यांनी पेला धुतला, पाणी भरलं, प्यायले. दुसरा घोट घेताना पेला हातात जरा वळला आणि खालच्या ओठाला बारीकसं काही टोचलं. त्यांनी अंगठा फिरवला. वर्कशॉपात ‘बर’ म्हणतात ती. धातू कोरला की कडेला उभी राहते ती कूस, डोळ्याला न दिसणारी. ‘काम झालं का ते डोळ्याला नाही विचारायचं, बोटाला विचारायचं,’ असं किती बॅचना ओरडून सांगितलं होतं त्यांनी, किती जणांची कामं याच एका कारणासाठी परत पाठवली होती! आणि आज स्वतःचं नाव दिसल्यावर डोळे असे निवले की बोटाला विचारायचं राहूनच गेलं. सगळ्यांत जास्त टोचत होतं ते ‘आजोबां’.

ते एकटेच मोठ्यानं हसले. मग पेटीतून बारीक पॉलिश पेपर काढला, पाण्यात भिजवला आणि दारात स्टूल घेऊन बसले. घाई नव्हती. नाव राहील, कूस जाईल – हे काम येत होतं त्यांना. अक्षरामागून अक्षर घासताना, मधेच बोटाला विचारताना, त्यांना वाटलं, रविवारी दिपाली पेला उलटा करील, सुलटा करील आणि काहीतरी बोलेल. काहीही बोलू दे.

फोन वाजला.

‘पप्पा, झालं सगळं नीट. आमच्या सोसायटीतल्याच एका मावशी सांभाळणार आहेत तिला. रविवारी येऊन जाऊच, पण संध्याकाळी परत निघू.’

‘हं.’

‘एकट्यानं तुम्ही कुठं धावणार तिच्यामागं? तुम्हाला उगाच त्रास नको.’

‘हाव... बरं केलंस,’ आनंदराज म्हणाले. ‘माझं काय, मला काही लागत न्हाई.’

फोन ठेवला तेव्हा नेहमीची ती ओळखीची लाज आली – कप, सात, बदक, आपलंच चुकलं. पण या वेळी ती टिकेना. तिनं पेला पाहिलासुद्धा नव्हता. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. परीक्षेला बसवलं आणि मधूनच उठवलं, हा कुठला न्याय? त्रास नको म्हणे! कुणी सांगितलं हिला?... मीच सांगितलं. रेणुका गेली त्या दिवसापासून दर फोनला, न चुकता, मीच सांगत आलो, मला काही लागत नाही. आणि पोरगी गुणाची, तिनं ते खरं मानलं.

लागतं. दुपारी छातीवर झोपून घाम आणणारं कुणी लागतं. सांडलेलं दूध लागतं, ‘पप्पा, तुम्हाला कळत कसं नाही’ म्हणून ओरडणारी मुलगी लागते. मला त्रास पाहिजे, हे बापानं मुलीला कोणत्या तोंडानं सांगायचं ते त्यांना कळत नव्हतं.  पण आता येत होता तो राग होता, दिपालीचा, स्वतःचा, दोघांचा मिळून, चांगला सणसणीत – आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती त्यांना आपली पोर वाटली, जिच्यावर रागवता येतं.