धाकटीची कुलपं

धाकटीने प्रोग्रामच्या कोडात केलेला बदल तपासायला साहेबांनी थोरलीकडेच पाठवला आणि तिच्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली.

धाकटीला या ऑफिसात चिकटवलं होतं थोरलीनेच. पहिला प्रोग्राम कसा लिहायचा इथपासून सगळं तिनेच शिकवलेलं, आणि आता तीच बया ताईच्या कोडाला हात घालत होती! कोड होतं कोट्याचं, म्हणजे सर्व्हरवर कुणी किती जागा वापरायची त्याच्या हिशोबाचं. थोरलीने ते उमेदीच्या काळात लिहिलं होतं. सगळ्यांची खाती एका लांबलचक यादीत आणि साऱ्या यादीला मिळून एकच कुलूप. एकाच्या खात्यात नोंद चालली की बाकीचे ताटकळत बसायचे. हळू चालायचं, पण कधी दगा दिला नव्हता. धाकटीने यादी मोडून खात्यांचं झाड केलं, म्हणजे फांद्याफांद्यांनी मांडणी, की हवं ते खातं झटकन सापडावं, आणि दर खात्याला स्वतःचं कुलूप लावलं. चाचणीत ते असं पळालं की साहेब सगळ्यांसमोर बोलून गेले, "हे तपासणीत टिकलं, तर कोट्याचं सगळं काम यापुढे धाकटीच बघेल."

थोरली शेजारीच उभी होती. माणसाला काही लाज?

खुसपटं काढायच्या तयारीनेच ती वाचायला बसली. पण कोड देखणं होतं, मेलं. हे आपल्याला का नाही सुचलं, असं तिला ओळीओळीला वाटे आणि ओळीओळीला ती जास्तच जळे. लहानपणीही हेच. फ्रॉक शिवायचा थोरलीसाठी आणि शोभायचा धाकटीला.

जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र चूक सापडली. फाइलचा मालक बदलला की जागा एकाच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यात मांडायची, म्हणजे दोन्ही कुलपं हातात हवीत. धाकटीचं कोड आधी देणाऱ्याचं कुलूप घेई, मग घेणाऱ्याचं. पण दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना फाइल दिली तर? एकीच्या हातात कात्री, दुसरीच्या हातात चिकटपट्टी, दोघींना दोन्ही हव्यात आणि हातातलं सोडायला कुणीच तयार नाही. बसा मग जन्मभर! सर्व्हर जागच्या जागी ठप्प. उपाय सोपा होता. लहान क्रमांकाच्या खात्याचं कुलूप नेहमी आधी घ्यायचं, म्हणजे दुसरा रिकाम्या हातानेच थांबतो.

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती शेरा लिहायला लागली आणि थांबली. लिहिलं तर धाकटी हसत हसत दुरुस्त करणार आणि सगळं काम तिच्या नावावर जाणार. नाही लिहिलं, तर कधीतरी ग्राहकाचा सर्व्हर गोठेल आणि कोण किती पाण्यात आहे ते साहेबांना कळेल.

"तपासलं. हरकत नाही," असं लिहून तिने बटण दाबलं.

दोघी राहायच्या एकाच घरात. संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना धाकटी म्हणाली, "ताई, रागावणार नाहीस ना? मी साहेबांना फोन करून बदल थांबवायला सांगितलाय. मालक बदलतो ना, तिथे दोन कुलपं एकमेकांत अडकतात. बसमध्ये अचानक डोक्यात आलं."

थोरलीने पुढचा टॉवेल उचलला.

"साहेब म्हणाले, तुझ्या ताईला दिसलं कसं नाही? मी म्हटलं, तिला कामाचा ताण आहे हल्ली. आणि खरंच गं, ही पद्धत तुझ्या सवयीची नाही. कुणालाही नसतं दिसलं. उद्या मी बसते तुझ्याबरोबर, नीट समजावून सांगते."

भांडली असती तरी परवडलं असतं, पण ही कीव! नुसतं "हो ना गं" म्हटलं असतं तरी सगळं निभावून गेलं असतं. पण धाकटीपुढे बावळट ठरणं थोरलीला सोसेना.

"दिसलं होतं मला!" ती फाडकन बोलून गेली. "पहिल्याच वाचनात. लहान क्रमांकाचं कुलूप आधी घ्यायचं. मला काय समजावतेस तू?"

धाकटीचा चेहरा उजळला. "तरीच! मी म्हणतेय, ताईच्या नजरेतून असं कसं सुट..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. हातातला अभ्रा घडी न घालताच खाली ठेवला आणि ती उठून आत गेली.