दशांशापुढचा आकडा

ग्रंथालयात त्यांना समोर सर म्हणत आणि पाठीमागे दशांशराव. आलेल्या पुस्तकाचा विषय ठरवायचा, दशांश वर्गीकरणातला त्याचा आकडा पाठीवर चिकटवायचा आणि कपाटात धाडायचं, हे काम त्यांनी अशा निष्ठेने केलं की पुस्तक वाचायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली.

तीनशेचं घर त्यांचं विशेष लाडकं. माणसांनी एकत्र राहून जो काही घोळ घालून ठेवला आहे, तो सगळा तिथे रांगेने बसतो. लग्नाचा समारंभ तीनशे ब्याण्णवमध्ये, रूढींत. त्यानंतरचा संसार तीनशे सहामध्ये, समाजशास्त्रात. आणि तो मोडायचा झाला तर तीनशे सेहेचाळीस, कायदा. एकच जोडपं, पण तीन कपाटांत. नव्या वाचकांना हे सांगताना ते स्वतःच आधी हसत.

हल्ली मात्र ते हसू आटलं होतं. बायको घरी पुस्तकं आणू लागली होती. आधी तीनशे सहा, कुटुंब. बरंय, म्हटलं, ज्ञान वाढतंय. मग तीनशे एकतीस, बायकांची नोकरी. मग तीनशे बत्तीस, स्वतःच्या पैशाचं नियोजन. एकेक कपाट ओलांडत बाईसाहेब कुठे निघाल्या आहेत, हे त्यांना कळणार नाही तर कुणाला? रस्ता त्यांनीच आखलेला.

आज पलंगावर तिची पिशवी होती. तिच्यातून एका पुस्तकाची पाठ डोकावत होती: ३४६, आणि टिंब. पुढचं पिशवीच्या काठाखाली. टिंबापुढे शून्य एक असेल तर लग्नाचा कायदा, म्हणजे घटस्फोट. शून्य चार असेल तर घर-जमीन. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. त्यांनी काठाला बोट लावलं.

"ओढा की," दारातून बायको म्हणाली.

बोट तिथेच राहिलं. तिने येऊन पुस्तक उपसलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. शून्य चार. भाडेकराराचा कायदा. त्यांनी सुटकेचा श्वास टाकायला घेतला, तो अर्ध्यात अडकला.

"भाडं कशाला? घर आपलं आहे."

"तुमचं आहे. मी माझ्यासाठी खोली बघितलीये."

मग तिने शांतपणे सांगितलं की तिला नोकरी लागली आहे. हे तिने जेवताना आधीही सांगितलं होतं, तेव्हा ते नुसतं हं म्हणाले होते. इतकी वर्षं मला कुठल्या आकड्यात ठेवलंत, असंही तिने विचारलं. सहाशे चाळीस, गृहव्यवस्था, हे उत्तर त्यांच्या जिभेवर आलं, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी आकडा गिळला.

"त्या खोलीत," ते चाचरत म्हणाले, "दोघं मावतील का?"

तिने पुस्तक त्यांच्या हातातून परत घेतलं.

"मालकिणीला मी एकटीचंच सांगितलंय."

"मग मी काय करू?"

"बसा. मला काय हवंय ते विचारा. आणि माझं बोलून होईपर्यंत उठू नका."

ते पलंगाच्या कडेला बसले. विचारलं. ती बोलू लागली. बाहेर अंधारून आलं तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही, आणि भाड्याच्या खोलीचा विषय तिने अजून पुन्हा काढला नव्हता.