दोनशे सातचा टॉवेल

पुण्याहून अलिबागची थेट गाडी चुकली, म्हणून आम्ही ताम्हिणीमार्गे माणगावला उतरलो. रेवदंड्याकडे जाणाऱ्या एसटीला पाऊण तास होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात चौघी बसलो, चार चहा आणि दोन प्लेट मिसळ सांगितली. सहल संपली होती, निकाल तेवढा बाकी होता.

अमिषाच्या घरचा नागावला होमस्टे आहे. चौलला त्यांचा दुसरा, आठ खोल्यांचा, एक तारखेला सुरू होणार होता. तिथे काउंटरवर कोणाला बसवायचं हे ती या सहलीत ठरवणार होती. दोन दिवस एका खोलीत राहिलं की माणूस कळतो, असं तिने निघतानाच सांगितलं होतं. उमेदवार दोघी, मी आणि जागृती. चौथी शिवानी, अमिषाची मावसबहीण, नुसती मजेला आलेली.

मी मायक्रोबायोलॉजी करून दीड वर्ष घरी बसले होते. चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, त्यामुळे उपाशी नव्हते. पण वडील रोज पेपरातल्या जाहिरातींना पेनाने गोल करून माझ्या ताटाशेजारी ठेवत. जागृती बी.कॉम. तिची आई सखुबाई अमिषाकडे खोल्या झाडते, चादरी धुते. सुट्टीत जागृतीही हाताशी जाते. आईचे गुडघे गेलेत, काउंटर मिळालं तर तिला घरी बसवीन, हे तिने फक्त मला सांगितलं होतं. पाचवीपासून आमचा बाक एक.

आमच्याकडे होमस्टेवाले ओळखीच्यांकडून रिव्ह्यू लिहून घेतात. अमिषाचे बरेचसे मीच लिहिलेत. मिसळ येईपर्यंत तिने खेळ काढला: प्रत्येकीला खोली समजायचं आणि रिव्ह्यू द्यायचा. शिवानीला ‘एसी चालतो पण आवाज फार’ असा मिळाला. अमिषाला ‘जागा उत्तम, मालकीण भांडखोर’. माझा शिवानीने दिला, ‘स्वच्छ आहे, गरम पाणी नाही,’ आणि त्यावर जागृती सगळ्यांत जास्त हसली.

जागृतीचा मी द्यायचा होता.

पुण्यात लॉजवर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पॅसेजमध्ये उभी होती. दोनशे सात नंबरच्या माणसाने दार उघडून तिच्याकडे टॉवेल मागितला. तिने जिन्याजवळचं कपाट उघडून टॉवेल काढून दिला. मग त्याने गरम पाणी मागितलं. ती खाली जाऊन बादली भरून घेऊन आली. खोलीत येऊन हे मला सांगताना तिला स्वतःचंच हसू आवरत नव्हतं. हातच गेला गं, म्हणाली, आणि अमिषाला सांगू नको.

“रूम सर्व्हिसला पाच तारे,” मी म्हटलं. “दोनशे सातवाल्याने टॉवेल मागितला, हिने नेऊन दिला. पाणी मागितलं, बादली नेऊन दिली. आपण इथे गेस्ट आहोत हे हिच्या ध्यानातच आलं नाही.”

शिवानीला ठसका लागला. जागृती हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मिसळ आली. इथे थांबता आलं असतं.

“आणि अमिषा, तू खोलीत आलीस की ही उठून उभी राहते. दोन दिवसांत अकरा वेळा. मी मोजलंय.”

यावर कोणी हसलं नाही. आकडा खरा होता.

“पहिल्या दिवशीचं पण सांग की,” जागृती म्हणाली.

पहिल्या दिवशी अमिषा आणि शिवानी बॅगांपाशी रस्त्यावर थांबल्या होत्या आणि आम्ही दोघी लॉजच्या काउंटरपाशी गेलो होतो. मॅनेजरने आमची खोली दुसऱ्याच कोणाला देऊन टाकली होती. मला काही सुचेना. जागृतीने त्याचं रजिस्टर उलटं वाचलं, बारा वाजता रिकामी होणारी खोली बोटाने दाखवली, आवाज न चढवता ती आमच्या नावावर लिहून घेतली. दहा मिनिटं लागली. काउंटरचं काम याहून वेगळं नसतं. तिने स्वतः ते सांगितलं असतं तर बढाई झाली असती, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“पहिल्या दिवशीचं कुठलं गं?” मी विचारलं.

पावाचा तुकडा जागृतीच्या हातात होता, तो तिने परत प्लेटमध्ये ठेवला.

अमिषा वाईट मुलगी नाही. तिने शांतपणे, सगळ्यांचं भलं होईल असं ठरवलं: काउंटरवर मी, खोल्यांकडे जागृती. सखुबाईचा नागावचा निम्मा भारही जागृतीने घ्यावा, म्हणजे म्हातारीला आराम. गेस्टला काय हवं ते हिला न सांगता कळतं, अशी माणसं मिळत नाहीत, असंही म्हणाली. तिला ते खरोखर कौतुक वाटत होतं.

जागृती आमच्यात कायम ‘हो’ म्हणते. तेव्हा ती “व्हय” म्हणाली.

अमिषा आणि शिवानी हात धुवायला उठल्या. वडिलांना फोन करावा म्हणून मी मोबाइल काढला.

“एक विचारू?” जागृती म्हणाली. “एक तारखेपासून तुला काय म्हणू? आशूच चालेल ना?”

“दोघीच असलो की चालेल,” मी म्हटलं. “गेस्टसमोर मॅडम म्हण.”