गंगम्मा दुसऱ्यांदा तेरा वर्षांची झाली

ते साल दोन हजार पंचवीस. त्या साली एक जूनला सेलूची गंगम्मा दुसऱ्यांदा तेरा वर्षांची झाली. पहिल्यांदा झाली होती ती पासष्ट साली, जिंतुरात, आणि तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

एक जून ही तारीख खरं तर गुरुजींची. बाप पोरीचं नाव घालायला शाळेत आला की गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "जवारी निसवली व्हती तवाचा." गुरुजी मान हलवायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. गंगम्मा आणि तिच्या बाकावरची रुख्मिणी, दोघींची तारीख तीच. निम्म्या वर्गाचीही तीच. गंगम्माच्या पुढं साल पडलं एकोणीसशे बावन्न.

तेराव्या वर्षी तिची सातवी झाली आणि सेलूहून पाहुणे आले. मुलाचं नाव वीरभद्र, घरचं किराणा दुकान, लिंगायतातलं चांगलं घराणं. सुपारी फुटली. रुख्मिणीला दोन वर्षांनी येलदरीला दिलं. तिचा नवरा धरणावरच्या वीजघरात कामाला होता. पुढं दोघींच्या भेटी झाल्या त्या लग्नाकार्यात. एरवी निरोप यायचे ते येलदरीच्या एसटीच्या कंडक्टरच्या तोंडून.

वीरभद्राच्या दुकानात काळा फोन आला तेव्हा गंगम्माची पस्तिशी जवळ आली होती. त्या फोनच्या तबकडीच्या भोकात एक इवलंसं कुलूप घातलेलं असायचं आणि त्याची किल्ली वीरभद्राच्या करगोट्याला. बाहेरून आलेला फोन उचलावा, इथून लावू नये, अशी ती व्यवस्था. गंगम्माला त्याचा राग नव्हता. शेजारीपाजारी सगळीकडं तसंच होतं.

वीरभद्र गेला, दुकान बंद झालं. मुलगा रुद्रेश पुण्यात नोकरीला. त्यानं आईला काचेचा मोठा फोन आणून दिला आणि गंगम्मा महिन्याभरात तो शिकलीही. फोटो पाठवायची, भजनं ऐकायची, रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की रुख्मिणीला व्हिडिओ लावून "जेवलीस का" विचारायची. रुख्मिणी म्हणायची, "सकाळी सात वाजता कोण जेवतंय गं?"

मग चोवीस सालच्या डिसेंबरात तिच्या फोनवर एक लग्नपत्रिका आली. कुणाचं लग्न ते बघावं म्हणून तिनं ती उघडली. लग्न कुणाचंच नव्हतं. तासाभरात तीच पत्रिका गंगम्माच्या नावानं सगळ्या गणगोताला गेली. रुद्रेशच्या सासूबाईंनीही ती उघडली आणि त्यांचाही फोन बिघडला. आठ दिवस माणसं तिला फोन करून विचारत होती, काय पाठवलंत हे. गंगम्मानं आठ दिवस दार अर्धंच उघडं ठेवलं.

रुद्रेश आला तो फोनला कुंपण घालायच्या तयारीनंच. फोनमध्ये तशी सोय होती, लेकरांसाठी. पण आईचं साल बावन्न टाकलं तर फोन ऐकेना. म्हणे, प्रौढ माणसाला पालक लावता येत नाही. रुद्रेशनं क्षणभर विचार केला आणि साठ वर्षं कमी केली. एक जून दोन हजार बारा. गंगम्मा साडेबारा वर्षांची झाली आणि तिचा मुलगा तिचा पालक झाला.

त्या दिवसापासून तिला सात माणसांचे फोन लागत, सातांचेच येत. आठवं माणूस घ्यायचं तर रुद्रेशकडं विनंती जायची. संध्याकाळी आठ वाजता फोन मिटायचा आणि काचेवर चंद्र उगवायचा. ती सेलूच्या वेशीबाहेर गेली की पुण्यात रुद्रेशच्या खिशात घंटी वाजायची. हरवू नये म्हणून त्यानं फोनला दोरीही आणली. गंगम्माच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंगाची चौकी, देवाची ती चांदीची डबी, होती. आता तिच्या शेजारी फोन लोंबायला लागला.

एकदा ती फोन फडताळात ठेवून, पुढच्या दाराला आतून कडी घालून मागच्या दारानं पिंगळीला बारशाला गेली. रुद्रेशनं अकरा फोन केले, मग शेजारच्या किशनरावांना पाठवलं. किशनरावांनी हाका मारल्या, घाबरले आणि कडी तोडली. गंगम्मा पेढ्याचा पुडा घेऊन परतली तेव्हा ओट्यावर गल्ली गोळा झाली होती.

स्टेशन रोडवर नागेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तिनं त्याला विचारलं, "ह्यो कोण बसलाय रे फोनात, जो मला अडवायलाय?"

"कारभारी हाय मावशी. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणत्यात त्याला. काच, बॅटरी, कॅमेरा ही समदी गडीमाणसं, हुकूम त्याचा. बटनाच्या फोनातला कारभारी अडाणी व्हता, फोन लाव म्हणलं की लावायचा. ह्यो दरसाली शिकून येतोय. आधी रस्ते शिकला, मग अंगठा वळखायला लागला, मग तोंड. मग मालकाला इचारायला शिकला, हे करू का, ते करू का."

"आन् मालक कोण?"

"तुमच्या फोनात? रुद्रेशदादा."

"फोन माझ्या गळ्यात हाय."

"गळ्यात असून काय? पासवर्ड त्यांच्याकडं."

मे महिन्यात कंडक्टर मुंजाजीनं स्टँडवर तिला गाठलं. "मावशी, येलदरीच्या रुख्मिणीबाईचा निरोप हाय. त्यांच्या डोळ्याला दिसंना झालंय. लेक चार जूनला त्यांना सुरतेला घेऊन जायलीय, कायमचं. फोनचा नंबर बदललाय, तुमाला लागंना म्हणल्या." आणि त्यानं तिकिटाच्या पाठीवर लिहिलेला नंबर दिला.

गंगम्मानं नंबर फोनात घातला. विनंती पुण्याला गेली. पुण्याहून नकार आला. रुद्रेश मीटिंगमध्ये होता आणि अनोळखी नंबर दिसला की तो आता नकारच देई. मग तिनं नागेशच्या फोनवरून लावला.

"गंगे, फोनवर काय बोलू?" रुख्मिणी म्हणाली. "फोनवर मला तू बी दिसंनास आन् काय बी दिसंना. ये की एकदा. हात तरी लागंल तुझा."

गंगम्मा दुसऱ्याच दिवशी निघाली. देवगाव फाट्यावर बस थांबली आणि गळ्यातला फोन वाजला.

"आई, तू सेलूच्या बाहेर कशी?"

"रुख्मीकडं जायलेय."

"एकटी? ह्या वयात? दिवाळीला मी गाडीनं नेतो ना."

"दिवाळीला ती असणार न्हाई."

"किशनकाका निघालेत मोटारसायकलवर. तू तिथंच उतर."

बसमधली माणसं बघत होती. गंगम्मा उतरली. आपण का उतरलो ते तिला नंतरही सांगता आलं नाही. ती फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकावर बसून राहिली आणि किशनरावांच्या मागं बसून घरी आली. किशनराव वाटभर म्हणत होते, "वहिनी, मला काय हौस हाय का? गुडघा बघा माझा."

एक जूनच्या सकाळी पूजा आटोपून तिनं फोन हातात घेतला तर काचेवर फुगे उडत होते. खाली लिहिलं होतं: अभिनंदन गंगम्मा! तुम्ही आता १३ वर्षांच्या झालात. तुमचं खातं तुम्ही स्वतः सांभाळू शकता किंवा देखरेख सुरू ठेवू शकता. पालकांशी बोलून निर्णय घ्या. त्याखाली दोन बटणं होती.

तिनं ते तीनदा वाचलं आणि तशीच नागेशकडं गेली. नागेश हसायला लागला, मग थांबला. "मावशी, हे खरं हाय. वरचं बटन दाबलं की तुमी मोकळ्या. पण लगेच फोन एक दिवस कुलूपबंद व्हतोय आन् दादांना कळतंय. पोरांनी रागाच्या भरात दाबू नये म्हणून ठिवलंय तसं."

तेवढ्यात रुद्रेशचाच फोन आला. निरोप त्यालाही गेला होता.

"आई, खालचं बटण दाब. 'देखरेख सुरू ठेवा' लिहिलंय ते."

"आन् वरचं?"

"वरच्याशी आपल्याला काय करायचंय? ते पोरांसाठी असतं."

"मग मी कोण हाय त्याच्यात?"

"तुझ्या भल्यासाठीच केलंय मी."

"मला मालूम हाय. तुझ्या बापाचं कुलूपबी भल्यासाठीच व्हतं."

"परत कुणी काही पाठवलं तर? सगळ्यांपुढं किती लाज वाटली होती."

"तुझ्यापरीस मला जास्त वाटली व्हती, बाळा. आठ दिस दार पुरं उघडलं न्हाई मी." तिनं पदरानं काच पुसली. "मी तेरा वर्षांची व्हते तवा पाहुण्यांनी मला पाढे इचारले, चालून दाखव म्हणले. व्हय का न्हाई, तेवढं कुणी इचारलं न्हाई. ह्यो इचारायलाय. मी येलदरीला जायलेय. उद्या संध्याकाळी येते. किशनरावांना पाठवू नगंस, त्यांचा गुडघा दुखतोय."

आणि तिनं वरचं बटण दाबलं. काच काळी झाली. चोवीस तास, असे पांढरे शब्द तेवढे उरले.

बस मुंजाजीचीच होती. त्यानं तिला पुढची खिडकी दिली. बाहेर पडलं की हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. देवगाव फाट्यावर बस थांबली तेव्हा तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला. फोन गप्प होता. आपण कुठं आहोत हे या घडीला पोराला ठाऊक नाही, असं तिच्या मनात आलं. चारठाणा मागं पडेपर्यंत तिनं हात तिथून काढला नाही.

येलदरीच्या खोलीत गाठोडी बांधून झाली होती. रुख्मिणीनं तिचा चेहरा चाचपला, मग गळा.

"गंगे, देव दोन झाले का गं?"

"एक देव. दुसरा कारभारी. झोपलाय."

"झोपू दे," रुख्मिणी म्हणाली आणि तिचा हात धरून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी जागा झाला तेव्हा त्यात रुद्रेशचे तेवीस फोन येऊन पडले होते. गंगम्मानं पहिला त्यालाच लावला.

रुख्मिणी चार जूनला सुरतेला गेली आणि त्याच वर्षी पौषात वारली. तोवर दोघी रोज सकाळी सातला बोलत होत्या. मुंजाजी निवृत्त झाला. किशनरावांनी नवी कडी स्वतः बसवून दिली आणि गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. नागेशनं दुकान वाढवलं. रुद्रेश दोन महिने तुटक बोलत होता, मग नीट बोलायला लागला.

सव्वीसच्या मार्चात गंगम्मा मोरीत घसरली आणि तीन आठवडे खाटेवर पडली. तेव्हा रुद्रेशनं पुन्हा विनंती पाठवली: देखरेख मान्य आहे का. नागेशनं बघून सांगितलं, "मावशी, ह्या साली कारभारी नवं शिकून आलाय. आता एकदा व्हय म्हणलं की अठरा पुरी होईस्तवर सुटका न्हाई."

गंगम्मानं बोटांवर मोजलं. तीस साल. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची असेल.

विनंती अजून तशीच आहे. रोज सकाळी पूजा झाली की सात वाजता ती फोन उघडते, दोन्ही बटणं बघते आणि पालथा घालून ठेवते.