सुटा 'वर'

फुटबॉल ग्राउंडवरच्या आमच्या स्टँडमध्ये एक शब्द तोंडातून काढायचा नाही, असा नियम आहे. शिव्या चालतात. रेफरीच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केलेला चालतो. पण 'वर' हा शब्द चालत नाही. कशाला चिकटून आला तर हरकत नाही. टेबलावर म्हणा, खांद्यावर म्हणा, वेळेवर म्हणा. सुटा 'वर' मात्र नको.

त्याला कारण आमचे हे. क्लबला तेव्हा मोठ्या लीगमध्ये बढती मिळायच्या बेतात होती. लीगच्या शेवटच्या मॅचच्या आदल्या रविवारी हे स्टँडच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले, "यंदा मी वर जाणार म्हणजे जाणार." खरं तर 'आपण' म्हणायला हवं होतं, पण क्लब वेगळा आणि आपण वेगळे असं ह्यांनी कधी मानलंच नाही. त्याच आठवड्यात जेवून उठताना छातीत कळ आली आणि संपलं. शेवटची मॅच क्लब हरला. म्हणजे जायचे होते सगळे आणि गेले हे एकटेच.

तेव्हापासून स्टँड बढतीला 'जिना चढणं' म्हणतो. कुणाला पायऱ्या चढून बोलवायचं तर "इकडे चढ" म्हणतात. लेकीचं लग्न नोंदणी कचेरीत झालं तेव्हा तिथल्या बाईंनी चष्म्यातून बघत विचारलं, "वर कोण?" जावई गप्प. मागे दाटीवाटीने उभा असलेला आमचा अख्खा स्टँड गप्प. बाईंना वाटलं, नवरदेव पळाला. जावई आमच्याच क्लबचे गोलकीपर, ते त्या वर्ज्य शब्दाला ओ कशी देणार? शेवटी मीच म्हटलं, "बाई, नवरा कोण असं विचारा, म्हणजे मिळेल."

मी शिवणकाम करते. ग्राउंडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. फाटलेल्या जर्सी, निघालेले नंबर, उसवलेल्या चड्ड्या, सगळं माझ्याकडे येतं. स्टँड मला तोंडावर मावशी म्हणतो आणि पाठीमागे तोंडाळ म्हणतो. दोन्ही बरोबर आहे.

यंदा असं झालं की क्लब कपाच्या फायनलला पोचला आणि लीगमध्येही जिन्याच्या तोंडाशी आला. शनिवारी फायनल, पुढच्या बुधवारी लीगची शेवटची मॅच. ती जिंकली की जिना चढलो. आमच्या क्लबने जन्मात एकही कप जिंकलेला नाही. ऑफिसात काचेचं कपाट आहे, त्यात एक जुना फोटो आणि पाणी प्यायचे ग्लास ठेवलेत. कधी काही मिळत नाही तिथे एकदम दोन गोष्टी समोर आल्या, आणि लागले सगळे भांडायला. स्टँडचे दोन तट पडले, कपवाले आणि जिनेवाले.

जिनेवाल्यांची पुढारी मी. कपवाल्यांचे पुढारी आमच्या गल्लीतले घड्याळं दुरुस्त करणारे काका. ते माझ्या शेजारीच बसतात, म्हणजे मधे ह्यांची जागा सोडून. त्या जागेवर मी घडी केलेलं पोतं ठेवते. तिथे कुणी बसत नाही.

"मावशी, जिना चढून मिळवायचं काय?" काका म्हणाले. "पुढच्या वर्षी मोठ्या क्लबांकडून मार खायची परवानगी. एवढंच ना? कप हातात घेता येतो."

"घ्या की हातात. एक दिवस मिरवाल, मग कपाटात ठेवून फडकं मारत बसाल. जिना चढलो तर वर्षभर दर रविवारी नवा क्लब येईल इथे, आपल्या ग्राउंडवर."

"आणि दर रविवारी चार गोल घालून जाईल."

"घालू दे. तुम्हाला घड्याळात बघून बघून आजच्या पलीकडचं दिसेनासं झालंय."

"आणि तुम्हाला त्यांच्या पलीकडचं," काका म्हणाले आणि पोत्याकडे बघितलं.

मला राग आला. मी पोत्याची घडी विनाकारण पुन्हा नीट केली.

फायनलच्या आधी सोमवारी दुपारी जावई दुकानात आले. त्यांच्या उजव्या गुडघ्याचा पट्टा सैल झाला होता, तो आवळून हवा होता. मी मशीन थांबवून पट्टा हातात घेतला तेव्हा ते स्टुलावर बसले, पाय लांब केला आणि म्हणाले, "आई, डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यात आता एकच मॅच शिल्लक आहे. त्यानंतर खेळायचं नाव काढायचं नाही."

माझी सुई थांबली. "मग?"

"कोच म्हणाले, कुठली खेळायची ते तूच ठरव. मी म्हटलं, तुम्हाला विचारून सांगतो."

मला विचार करावा लागलाच नाही. "बुधवारची," मी म्हटलं. "ह्यांचं स्वप्न होतं ते. तुम्हाला माहितीये."

"माहितीये," ते म्हणाले. "बरं." पट्टा घेतला, पाया पडल्यासारखे थोडे वाकले आणि लंगडत निघून गेले. मला इतका आनंद झाला की मी एका जर्सीला उलट्या बाजूने नंबर लावला आणि तो उसवत बसले.

संध्याकाळी लेक आली. ती रागावून आली की एक चप्पल आधी एका कोपऱ्यात जाते आणि मग दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात. त्यावरूनच मला कळतं.

"आई, तू त्यांना बुधवारची मॅच खेळायला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"ते तुला नाही म्हणणार आहेत का कधी? लग्नात तुझ्यासाठी नवरा असूनही मुकाट उभे राहिले." ती माझ्यासमोर बसली. "जिना चढला तर नवा कीपर येणार, बाहेरून. क्लबच्या सेक्रेटरींनी त्यांना महिन्यापूर्वीच सांगितलंय. आणि गुडघा तर गेलाच आहे. म्हणजे ते दुसऱ्यांसाठी दार उघडून बाहेरच उभे राहणार. ह्यांच्या हातात काय राहणार सांग? एवढी वर्षं त्या चिखलात लोळले, घरात दाखवायला एक वाटीसुद्धा नाही."

मी काहीतरी कडक बोलणार होते. मला तशी सवय आहे. पण तिने 'ह्यांच्या' म्हटलं ना, ते माझ्या कानात अडकलं. मी तसंच म्हणायचे. मी माझ्या ह्यांच्या मागे इतकी लागले होते की तिचे हे मला दिसलेच नव्हते.

रात्रभर कूस बदलत राहिले म्हणून सांगणार नाही, कारण मला झोप छान लागते. पण सकाळी उठले ते ठरवूनच.

जावई काचेच्या दुकानात काम करतात. खिडक्यांना काचा कापून बसवून देतात. मी गेले तेव्हा ते टेबलावर मोठी काच आडवी ठेवून पट्टी धरून रेघ मारत होते. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, हे मला ठाऊक आहे. रेघ पूर्ण झाली, त्यांनी दोन्ही हातांनी काच हलकेच दाबली, ती सरळ दुभंगली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, तुम्ही शनिवारी खेळायचं," मी म्हटलं.

"आई, बुधवारचं ठरलंय ना?"

"ठरलं होतं. मी मोडलं."

ते हातमोजे काढत राहिले. मग म्हणाले, "बाबा गेले त्या वर्षीच्या शेवटच्या मॅचला गोलमध्ये मीच होतो. नवा होतो. हातातला बॉल सुटला माझ्या. बाबा असते तर काय म्हणाले असते, हे मी इतकी वर्षं मनात घोळवतोय. माझ्याकडून राहिलेलं काम आहे ते."

हे मला त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. लेकीलाही नसावं. पण मी आवाज ढिला पडू दिला नाही. ढिला पडला असता तर ते ऐकले नसते.

"काय म्हणाले असते ते मी सांगते. तुमच्या नावाने एक शिवी घातली असती, चहा पाजला असता आणि पुढच्या रविवारी तुमच्याच नावाने ओरडले असते. ह्यांचं राहिलेलं काम माझ्याकडे आहे, ते मी बघीन. क्लबला पुढचं वर्ष आहे, त्याच्या पुढचंही आहे. तुमच्या गुडघ्याला नाही. तेव्हा शनिवारी उभं राहायचं आणि तो कप हातात घ्यायचा. मला तुमच्या हातात बघायचाय."

"स्टँड तुम्हाला सोडणार नाही, आई."

"मी स्टँडला सोडते का कधी?"

त्यांना हसू आलं. मग त्यांनी मान हलवली.

स्टँडला मी स्वतः सांगितलं. बुधवारी दुसरा कीपर खेळणार हे कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सरावाच्या वेळी सगळे जमतात तिथे, पायऱ्यांच्या मधोमध उभी राहून मी बोलले. आधी कुणाला खरंच वाटेना. मग जिनेवाले भडकले. माझेच लोक ते, मीच पेटवलेले. बेकरीवाला म्हणाला, "मावशी, आम्हाला घोड्यावर बसवलंत आणि स्वतः उतरलात. घरचं माणूस निघालं म्हणून पार्टी बदलली."

"हो," मी म्हटलं. "घरचं माणूस आहे म्हणूनच बदलली. तुमच्या घरचं असतं तर तुम्हीही बदलली असती, आणि नसती बदलली तर मी तुम्हाला इथे बसू दिलं नसतं."

घड्याळवाले काका जिंकल्यासारखे हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. नुसते पोत्याकडे बघत होते.

शनिवारची मॅच काही बघण्यासारखी नव्हती. आमचा गोल झाला तो कॉर्नरवर, आमच्याच माणसाच्या पाठीला आपटून. त्याने मागे वळून बघितलं तेव्हा त्याला कळलं. उरलेला वेळ समोरचे नुसते चढून येत होते. जावई उडी मारू शकत नव्हते, म्हणून ते आधीच योग्य जागी जाऊन उभे राहत होते. बॉल आपणहून त्यांच्या छातीशी येतोय असं वाटायचं. शेवटी शेवटी एकदा ते बॉलवर पडले आणि उठलेच नाहीत. लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर निळा पडला. मग ते उठले, बॉल पोटाशी तसाच होता.

कप त्यांनी उचलला तेव्हा घड्याळवाले काका ढसाढसा रडले. मीही रडले, उगाच कशाला लपवू? कप तसा लहानसाच होता, एक कान जरा वाकडा. जावयांनी तो गर्दीतून आणून आधी लेकीच्या हातात दिला आणि मग माझ्या. जड होता.

बुधवारी आम्हाला जिंकायचं होतं. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत जिंकतही होतो. मग एक साधा, सरपटत आलेला बॉल दुसऱ्या कीपरच्या हाताखालून गेला. जावयांनी तो डोळे मिटून धरला असता. बरोबरी झाली, जिना राहिला.

स्टँडमधल्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. मी उठून गेले नाही. बसूनही राहिले नाही. उभी राहिले, त्या दुसऱ्या कीपरचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या, सगळे निघून जाईपर्यंत. तो खाली मान घालून गेला. ह्यांची आठवण आली आणि खूप वाईट वाटलं. चूक केली असं मात्र वाटलं नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच सांगेन, आणि पुन्हा असंच वाईट वाटेल.

उन्हाळ्याची सुट्टी संपली, नवा हंगाम सुरू झाला. तेच जुने क्लब, तीच जुनी लीग. बेकरीवाला माझ्याशी बोलायला लागला होता, पण तोलून मापून. टीम मैदानात उतरायच्या सुमारास मला जावई दिसले. साध्या शर्टात, हातात काठी. ते स्टँडच्या पायथ्याशी कुंपणाला धरून उभे होते. खेळाडूंच्या बाकावर आता त्यांची जागा नव्हती आणि इकडे कुठे बसायचं ते त्यांना कळत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला गोलमधूनच बघितलेलं.

मी पोतं उचललं आणि पायाखाली टाकलं. मग उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जावईबापू, वर या."

बेकरीवाल्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. घड्याळवाल्या काकांनी माझ्याकडे बघितलं, मग गुडघे आवळून वाट करून दिली.

जावयांना चढायला वेळ लागला. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते आले. मधे कुणी हात दिला, कुणी काठी धरली. ह्यांच्या जागेवर बसले, धाप जिरू दिली, मैदानाकडे एकदा नीट बघितलं.

"आई," ते म्हणाले, "हा नवा कीपर फार पुढे उभा राहतो."