घोडेदलालाचं कार्ड

“तू थोरली ना गं? मग दे तिला!”

आईचा तो आवाज. बाहुली दे, खिडकीजवळची जागा दे, निळा फ्रॉक दे. मावशी गेली, मावशीची लेक घरी राहायला आली, आणि देता देता थोरलीची ओंजळ रिती झाली.

आता दोघी एकाच शब्दकोशाच्या कचेरीत. थोरलीला तिथे नोकरीला लागून सव्वीस वर्षं झालेली, धाकटीला जेमतेम दोन. तरी ‘कझन’ या शब्दाची नोंद लिहायचं काम संपादकांनी धाकटीच्याच पदरात टाकलं. जुना इंग्रजी शब्द. अर्थ, गोड बोलून फसवणं.

कचेरीचा नियम साधा: खणातून शब्दाच्या माहितीचं कार्ड काढलं, की त्या जागी आपल्या सहीची गुलाबी चिठ्ठी ठेवायची. त्या दिवशी थोरलीने ‘कझन’च्या खणातून एक कार्ड काढलं आणि चिठ्ठी ठेवली नाही. कार्ड तिच्याच हातचं, पंधरा वर्षांपूर्वीचं. आयुष्यभर दिलं, एवढं एक ठेवून घेतलं.

“ताई, शब्दाच्या उगमाबद्दल आणखी कुणाचं मत नाही ना गं?”

“नाही.”

धाकटीने हाती होतं तेवढ्यावर नोंद सजवली. फ्रेंचमध्ये म्हणे, नातं सांगत दुसऱ्याच्या ताटावर बसण्याला एक क्रियापद होतं. ‘मी तुमचा कझिन’ म्हणत घरात शिरायचं आणि हात मारून जायचं. त्यावरून हा शब्द आला असावा.

संपादक ते वाचत टेबलाटेबलांतून फिरले. “अशी लिहावी नोंद! नाहीतर काही जणांच्या नोंदी, नुसतं वाळकं लाकूड.”

सगळे हसले. थोरलीही हसली. टोला आपल्यालाच, हे तिला कळलं होतं. छापून येऊ दे, ती मनात म्हणाली. जाणकार विचारतीलच, दुसरं मत कुठंय? मग बघू कौतुक.

छपाईच्या दिवशी संपादकांनी कच्ची प्रत धाकटीपुढे सरकवली. “नक्की ना? लोक आपली सालटी काढतील हां.”

“नक्की, सर. खणात चिठ्ठी नव्हती. शिवाय ताई नाही म्हणाली.”

“तिच्या भरवशावर सही करतेस?”

“सव्वीस वर्षांत तिने एक चिठ्ठी चुकवलेली दाखवा, मी नोकरी सोडते!” धाकटीने हसत पेनाचं टोपण काढलं.

थोरलीला त्या भरवशाचाही हेवा वाटला. इतकं निर्धास्त होऊन तिला कधी कुणाच्या खांद्यावर मान टेकता आली नव्हती.

“थांब,” ती म्हणाली. “सही करू नकोस. दुसरं मत आहे. इटालियनमध्ये घोड्यांच्या दलालाला जो शब्द आहे, त्यावरून हा आला, असंही म्हणतात. कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. मीच काढलं, चिठ्ठी न ठेवता.”

धाकटीचं पेन तसंच राहिलं. “अगं पण, का?”

“तुझं कौतुक मला बघवत नाही गं. तू घरात आलीस, त्या दिवसापासून बघवत नाही.”