घरच्यांचं पान

दातांच्या कवळ्या बनवणारा माणूस तापट असेल असं कुणाला वाटत नाही. दिवसभर एका खोलीत डोळ्याला भिंग लावून बसायचं, एकेक दात मेणात नीट उभा करायचा, कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत करायच्या की परक्याच्या हिरडीला टोचता कामा नयेत, हे काम रागीट माणसाचं नव्हेच. म्हणून चर्चमध्ये या कवळीवाल्याला सगळे सौम्यदादा म्हणत. तिथलं पुस्तकांचं कपाटही त्याच्याच ताब्यात होतं. कुणी येऊन हळूच म्हणालं, "दादा, घरी माझं तोंड फार सुटतं हो," की तो विचार करून नेमकं पुस्तक हातात ठेवायचा. नम्रता, क्षमा, ख्रिस्तासारखं शील अंगी कसं बाणवावं, सगळ्यांवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. वाचण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

घरी मात्र हाच माणूस कप फोडायचा. घरी आणलेला कवळीचा साचा जागचा हलला म्हणून एक, हाक मारल्यावर ओ यायला उशीर झाला म्हणून दुसरा. एकदा फुलदाणी. एकदा बाथरूमच्या दाराची कडी, कारण बायको आत होती आणि रडत होती आणि त्याला ते सहन होत नव्हतं. बायकोवर आपण हात कधीच उगारला नाही, असं तो स्वतःला दर वेळी बजावून सांगायचा. जसं काही भिंतीवर फुटलेला कप फक्त भिंतीलाच लागतो! मग तासाभरानं तो गप्प व्हायचा, ती काचा गोळा करायची, आणि रविवारी तो पुन्हा सौम्यदादा होऊन कपाट उघडायचा.

आणि असल्या माणसाकडे पाळकसाहेबांनी सौम्यतेचा अभ्यासवर्ग सोपवला. दहा आठवडे, आठ माणसं, प्रत्येकाला एक वही. वर्ग चालवणाऱ्यासाठी मार्गदर्शकाची प्रत वेगळी. ती एकच होती आणि ती त्याच्याकडे होती. नऊ आठवडे त्यानं वर्ग असा रंगवला की लोक डोळे पुसत घरी गेले. दहाव्या आठवड्याचं पान काढताना मात्र तो पहिल्याच ओळीवर थांबला.

पानाचं नाव होतं 'घरच्यांचं पान'. ते फाडून घरातल्या माणसाला द्यायचं. त्या माणसानं खरं काय ते लिहून पाकीट बंद करायचं. शेवटच्या दिवशी घरच्यांसमोरच पाकिटं उघडायची, आणि उजवीकडे बसलेल्यानं ती मोठ्यानं वाचायची. वर्ग चालवणाऱ्यालाही सूट नव्हती.

गुरुवारी त्यानं ते पान बायकोपुढे ठेवलं. "मनात येईल ते लिही हं," तो म्हणाला, आणि स्वतःचाच गोड आवाज ऐकून त्याला कसंतरी झालं.

"बरं," ती म्हणाली. त्याच्यापुढचा रिकामा कप उचलून तिनं तो मागच्या फळीवर नेऊन ठेवला. फार नीटनेटकी आहे, त्याला नेहमी वाटायचं. टेबलावर काही राहू देत नाही.

ते तीन दिवस त्यानं जीव मुठीत धरून काढले. हातातल्या कवळीचा पुढचा दात दोनदा वाकडा बसला. ती काय लिहील? फुलदाणी लिहील? कडी लिहील? वर्गात उजवीकडे बसणाऱ्या नर्सबाई ते वाचतील, पाळकसाहेब मान खाली घालतील, आणि पुढच्या रविवारी कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल. शुक्रवारी मार्गदर्शकाची प्रत शेल्फावर उलटी ठेवलेली दिसली. "माझ्या पुस्तकांना हात कुणी..." एवढं तोंडातून निघालंच. त्यांची सात वर्षांची मुलगी दाराआड झाली. त्यानं ओठ आवळून प्रत सुलटी केली. या दिवसांत आवाज चढवून चालणार नव्हतं.

शनिवारी पाकीट टेबलावर होतं, चिकटवून बंद. तो किटलीपाशी बराच वेळ उभा राहिला. वाफेवर पाकीट उघडतं हे त्याला ठाऊक होतं. पाकीट हातात घेतलं, पुन्हा ठेवलं. "काय लिहिलंस गं?" त्यानं शेवटी विचारलंच.

"लिहायचं ते लिहिलं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. चेहरा वाचावा तर तिथे काहीच नव्हतं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

रविवारी उपासना झाल्यावर मागच्या खोलीत सगळे टेबलाभोवती बसले, घरचेही आले. चहाचे कप भरले गेले, मुलीपुढे पाण्याचा पेला आला. त्याची बायको समोरच बसली होती. उजवीकडे नर्सबाई. सेवानिवृत्त होऊनही त्यांचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. चार पाकिटं उघडली गेली, लोक हसले, एकजण रडला. मग नर्सबाईंनी त्याचं पाकीट फाडलं आणि चष्मा वर सरकवला.

"पूर्वी माझ्या पतींचा आवाज चढला की मी गप्प बसत असे," त्या वाचू लागल्या.

त्याला वाटलं, झालं, आता कडी येणार.

"आता ते आधी माझं ऐकून घेतात. चूक झाली तर मुलांसमोरही माफी मागतात. रोज संध्याकाळी आम्ही दोघं अर्धा तास फिरायला जातो, आणि तेव्हा मी मनातलं सगळं मोकळेपणानं बोलते."

"व्वा!" पाळकसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. त्याचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे क्षणभरही टिकला नाही. ही वाक्यं त्यानं वाचली होती. मार्गदर्शकाच्या प्रतीत, अगदी शेवटी, 'नमुना उत्तर' म्हणून छापलेली. शब्दाला शब्द. तयारी करताना हे जरा जास्तच गोडगोड आहे असं वाटून तो हसलाही होता. खोलीतल्या दुसऱ्या कुणाला ते कळणं शक्य नव्हतं. संध्याकाळी फिरायला तर ती दोघं लग्नानंतर एकदाही गेली नव्हती.

"कुठे जाता हो फिरायला?" नर्सबाईंनी सहज विचारलं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. त्याची नजर वळताच तिचा हात पुढे आला, तिनं त्याच्यापुढचा भरलेला कप अलगद उचलला आणि मागे खिडकीत नेऊन ठेवला. आणि तिच्या शेजारी, कुणीही काही न सांगता, मुलीनं आपला पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलून खुर्चीखाली सरकवला.

मागची फळी, रिकामं टेबल, इतक्या वर्षांचा तो नीटनेटकेपणा. तीन दिवस तो पानाला घाबरला होता. या दोघी त्याला घाबरत होत्या, आणि किती वर्षं, ते त्याला सांगता आलं नसतं.

"तळ्याकडे," बायको घाईघाईनं म्हणाली. "तळ्याकडे जातो आम्ही."

"नाही," तो म्हणाला. "कुठेच जात नाही. ते उत्तर माझ्या पुस्तकातलं आहे. तिनं तिथून उतरवून काढलं, कारण खरं लिहिलं असतं तर घरी गेल्यावर मी काय केलं असतं ते तिला माहीत आहे." मग त्यानं कप सांगितले, फुलदाणी सांगितली, कडी सांगितली. आता तरी तिला हलकं वाटेल, अशी एक वेडी आशा त्याच्या मनात होती. पण बायको पांढरीफटक पडली होती आणि मुलीचा हात घट्ट धरून बसली होती.

नर्सबाईंनी पान घडी करून ठेवलं. "तुला आज काय हवंय, बाई?" त्यांनी तिला विचारलं. त्यांचा आवाज इतका हळू कुणी ऐकला नव्हता.

उत्तर द्यायच्या आधी तिनं त्याच्याकडे पाहिलं. कोणतं उत्तर चालेल ते शोधत होती. तो उठला, बाहेर आला आणि दार लोटून घेतलं.

बाहेरच्या लांबट व्हरांड्यात एक बाक होता आणि त्याचं ते पुस्तकांचं कपाट. काचेआडची एकूण एक पुस्तकं त्याला तोंडपाठ होती, पण आत्ता काय करायचं ते त्यांतलं एकही सांगेना. आतून बायकांचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. बाकावर बसावं असंही त्याला वाटेना.

दार थोडंसं उघडलं. मुलगी बाहेर आली आणि उंबऱ्यापाशीच थांबली.

"आईनं घराची किल्ली मागितलीये," ती म्हणाली. "तुम्ही कामाच्या खोलीवर राहा, म्हणाली. ती बोलावेपर्यंत."

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला. मुलगी जागची हलली नाही. तिचे डोळे किल्लीवर नव्हते, त्याच्या हातावर होते.

त्यानं किल्ली बाकावर ठेवली आणि मागे सरकत सरकत पार पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. मग ती आली.